तात्पर्य नसलेली बाग

मराठी मुलांच्या छापील पुस्तकात कोल्हा आला तो तंजावरच्या वाटेने. सरफोजीराजे भोसले यांनी तिथे छापखाना घातला होता. त्या छापखान्यातून १८०६ साली सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने बाहेर पडल्या. पुढे १८२८ साली मुंबई इलाख्यात सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी इसपनीतीच्या कथा मराठीत आणल्या, आणि मग या कोल्ह्याने जे बस्तान बसविले ते आजतागायत हलविलेले नाही. त्याच्या मागोमाग सिंह आला, लांडगा आला, ससा आला, कासव आले, करकोचाही आला. सगळे मिळून शाळेत नोकरीस लागले.

नोकरी एकच, तात्पर्य सांगण्याची. कासवाने शर्यत जिंकली की त्याला लगेच उभे राहून ‘आळस करू नये’ असे सांगावे लागे. द्राक्षे आंबट निघाली तर कोल्ह्याला नुसते घरी जाता येत नसे. जाण्यापूर्वी माणसाच्या स्वभावावर दोन शब्द बोलावे लागत. पंतोजींच्या हातातली छडी आणि गोष्टीच्या शेवटचे तात्पर्य ही दोन्ही एकाच झाडाची फळे, असे मला नेहमी वाटत आले आहे. यात त्या थोर माणसांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. मुलांसाठी मराठीत काहीच नव्हते त्या काळी त्यांनी हे काम केले. अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ १८७३ साली निघाले. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ काढला व तीस वर्षांहून अधिक काळ तो निष्ठेने चालविला. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ साली आला. त्याच्या नावातच थोडी सुटी आहे. पण एकंदरीत पाहू जाता आमच्या छापील प्राण्यांना दीडशे वर्षांत हसण्याची रजा फार थोडी मिळाली.

यात एक योगायोग मोठा गमतीचा आहे. एका छत्र्यांनी प्राण्यांना शाळेत घातले, तर दुसऱ्या छत्र्यांनी त्यांना तंबूत घातले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ उभा केला, आणि हिंदुस्थानी सर्कशीचा प्रारंभ तिथून धरतात. तेव्हापासून मराठी मुलाला सिंह दोन ठिकाणी भेटे. पुस्तकात तो उपदेश करी आणि सर्कशीत स्टुलावर बसे. दोन्हीकडे तो दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदार.

तोंडी परंपरेत मात्र असे नव्हते. काऊचिऊची गोष्ट घ्या. शेणाचे घर बांधणारा कावळा आणि मेणाच्या घरातली ती टापटिपीची पक्षीण आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. पण ही गोष्ट महानुभावांच्या लीळाचरित्रात, म्हणजे सातशे वर्षांहून आधीच्या ग्रंथात आली आहे हे सांगितले की लोक चमकतात. आजी ती कशासाठी सांगे? पोराने आणखी चार घास खावेत म्हणून. पावसात भिजणारा कावळा दाराशी उभा आणि आतली पक्षीण कामांची एकेक सबब सांगते आहे, त्या प्रत्येक सबबीला एक घास. कोणी मुलाने आजीला तात्पर्य विचारल्याचे आणि आजीने ते सांगितल्याचे मला ठाऊक नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर या गोष्टीला दगडाचाही पुरावा आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळाभोवती फिरताना मोठी माणसे शिखराकडे पाहून हात जोडतात, मुले खाली पाहतात. कारण खाली, त्यांच्या उंचीला, हत्ती आहेत. काळाने झिजलेले, कुणाची सोंड गेलेली, कुणाचा कान गेलेला. वाचता न येणाऱ्या पोराला बोट ठेवून पाहण्यासारखे हे आमच्याकडचे सर्वांत जुने चित्रांचे पुस्तक. आणि नामदेवांची नरसी तर याच जिल्ह्यात. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव कीर्तनकार रंगवून सांगतात, तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात. मुले मात्र खुदकन हसतात. त्यांना पोळी दिसते, कुत्रा दिसतो, आणि एवढा मोठा संत धावताना दिसतो. सर्व भूतांच्या ठायी ईश्वर हा अर्थ ती मोठेपणी काढतील. आज कुत्रा पुरेसा आहे.

मग या हसणाऱ्या प्राण्याला छापील पुस्तकात जागा कोणी दिली? त्यासाठी जरा विलायतेपर्यंत जाऊन यावे लागेल.

एडवर्ड लिअर नावाचा एक चित्रकार १८१२ साली लंडनजवळ जन्मला. वयाच्या अठराव्या वर्षी तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांची चित्रे काढीत बसला होता. चित्रे इतकी हुबेहूब उतरली की डर्बीच्या उमरावाने आपल्या वाड्यातल्या खासगी संग्रहाची चित्रे काढण्यास त्याला बोलावून घेतले. दिवसभर पिंजऱ्यांपुढे बसून पिसान्पिस खरे काढायचे आणि मग त्याच वाड्यातल्या लहान मुलांसाठी वाटेल तसे खोटे काढायचे, असा त्याचा क्रम. त्यातून जमलेले यमकांचे आणि वेड्यावाकड्या चित्रांचे पुस्तक १८४६ साली निघाले. त्यात बोध औषधालाही नव्हता.

हा लिअर पुढे आपल्याकडे येऊन गेला हे थोड्यांना माहीत असते. १८७३च्या नोव्हेंबरात तो मुंबईस उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानभर चित्रे काढीत हिंडला. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८७४ साली त्याची एक कविता छापून आली. साहेबांच्या बंगल्यात रोज कानांवर पडणारे देशी शब्द त्याने उचलले आणि त्यांचे अर्थ पार उलटेपालटे केले. त्या कवितेत कमरबंद हा एक भयंकर प्राणी आहे आणि शेवटी तो एका बाईला गिळून टाकतो! आपल्या पट्टेवाल्याच्या कमरेचा पट्टा असा जिवंत झालेला पाहून मला फार मजा वाटली. पुढे बंगालीत सुकुमार राय यांनी हीच वाट आपल्या भाषेच्या मातीतून काढली. त्यांच्या ‘आबोल ताबोल’मध्ये बदक आणि साळिंदर एकमेकांत मिसळून जातात. १९२३च्या सप्टेंबरात ते वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते पुस्तक प्रसिद्ध झाले. मरणाच्या दारात असलेला माणूस मुलांना हसविण्याचे काम पुरे करीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विनोदी पद्याला ‘हलकेफुलके’ म्हणताना जीभ अडखळते.

लिअर मुंबईस उतरला तेव्हा भायखळ्याची राणीची बाग अकरा वर्षांची होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती उघडली. सरकारी नाव व्हिक्टोरिया गार्डन्स; लोकांनी ‘व्हिक्टोरिया’ हा अवघड शब्द गाळला आणि नुसती राणी ठेवली. पुढे तिथे जनावरे आली आणि बागेचे प्राणिसंग्रहालय झाले. दाराजवळच्या संग्रहालयापाशी एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे, तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. तो उचलून विलायतेला नेण्याच्या खटपटीत मोडला आणि १९१४ साली त्याचे तुकडे जुळवून त्याला इथे उभा केला. १९६९ साली बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले. मुंबईकराच्या तोंडी ती अजून राणीचीच आहे. आता तर तिथे दक्षिण अमेरिकेच्या जातीचे पेंग्विन आहेत. २०१६ साली ते कोरियातून विमानाने आले.

याच बागेचे नाव घेऊन १९६१ साली विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ हे मुलांच्या कवितांचे पुस्तक आले. एकेका प्राण्यावर चिमुकली कविता, यमकांची गंमत, जोडीला चित्र. त्याच वर्षी त्यांचे ‘एकदा काय झाले’ही निघाले. त्यापूर्वी ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’ आणि ‘ध्रुपद’ हे तीन संग्रह प्रसिद्ध होऊन प्रखर, विचारी कवी म्हणून त्यांचा दबदबा झालेला होता. इंग्रजीचे प्राध्यापक, शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ मराठीत आणणारा माणूस. त्या थोर दुःखी लिअरचे आणि या पोपटवाल्या लिअरचे आडनाव-नाव जुळावे, हा आणखी एक योगायोग! अशा कवीने ऐन भरात मुलांच्या प्राण्यांकडे वळावे याचे पुष्कळांना कौतुक वाटले असेल. काहींनी ती विश्रांती समजली असेल. विश्रांती म्हणावी तर ती तीस वर्षांवर चालली. ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’, ‘सर्कसवाला’, ‘पिशीमावशी’ असे करीत १९९३ सालापर्यंत, म्हणजे पंचाहत्तरी गाठेपर्यंत, ते मुलांसाठी लिहीत राहिले.

मला या पुस्तकाचे मोल वाटते ते दोन गोष्टींसाठी. पहिली, त्यातल्या प्राण्यांना नोकरी नाही. पिंजरा आहे, पण तात्पर्य नाही. पोराने यावे, पाहावे, हसावे आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जावे. दुसरी गोष्ट यमकाची. वाचता न येणारे मूलही यमकाच्या आधाराने पुढचा शब्द आधीच सांगते. चित्रावर डोळा, कानात ताल, आणि ओळीच्या शेवटी काय येणार याची पैज! पैज जिंकली की त्याला वाटते, मी वाचले. खरे म्हणजे तिथूनच त्याचे वाचन सुरू झालेले असते. धड्याखालच्या दहा प्रश्नांनी जे होत नाही ते एका फजितीच्या यमकाने होते, हे मी वर्गात इतक्या वेळा पाहिले आहे की यावर वाद घालण्याची मला आता गरज वाटत नाही.

आता हे पुस्तक आमच्या मुलखापर्यंत पोहोचण्याची गोष्ट. इथे थोडा कडू इतिहास आहे. १९६१ साली हिंगोली परभणी जिल्ह्यात होते (वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला), आणि परभणी जिल्हा तेरा वर्षांपूर्वीपर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू. खालच्या इयत्तांत मराठी भेटे, पण वर चढावे तसतशी ती मागे पडे. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. उर्दू ही गोड भाषा आहे आणि तिच्याशी आमचे काही भांडण नाही. पण माझ्या आजोबांच्या पिढीतल्या पोराला घरची मांजर शाळेच्या वरच्या वर्गात शिरताच बिल्ली म्हणून ओळखावी लागे आणि तिच्यावर परीक्षा द्यावी लागे. ज्याला आपल्या भाषेत शिकायचे त्याला शाळा मिळविण्यासाठी झगडावे लागे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांची नावे काढून टाकली गेली आणि त्यांतले कितीतरी नागपूरला जाऊन शिकले. हैदराबाद मुक्त झाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

या इतिहासाचा आणि प्राण्यांच्या कवितांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. कोकणात जन्मलेल्या करंदीकरांनी तरुणपणी या हैदराबादच्या लढ्यात भाग घेतला होता आणि त्यासाठी तुरुंगवासही सोसला होता. म्हणजे ज्या माणसाने आमच्या मुलखासाठी गजांआडचे दिवस काढले, त्यानेच पुढे गजांआडच्या प्राण्यांवर मुलांसाठी कविता लिहिल्या. त्या लढ्यामुळे आमच्याकडच्या पोरांना मराठी शाळा मिळाली. आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क ही मोठी गोष्ट खरीच. पण आपल्या भाषेत खिदळण्याचा हक्क तिच्याहून फार धाकटा आहे असे मला वाटत नाही.

तो हक्क मिळण्यास मात्र वेळ लागला. चित्रांची पुस्तके महाग. त्या काळची छपाई खिळ्यांची आणि ब्लॉकांची. रंग वाढला की ब्लॉक वाढे, ब्लॉक वाढला की किंमत वाढे. माझे वडील १९६१ साली दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या हाती पाटी, एक क्रमिक पुस्तक आणि आजीच्या गोष्टी, यापलीकडे काही आले नाही. बालभारती १९६७ साली आणि तिचे ‘किशोर’ मासिक १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झाले, तेव्हा कुठे स्वस्तात रंगीत पान खेड्यात दिसू लागले. आणि पुस्तक आले तरी ते पोराच्या हाती पडेलच असे नाही. एका शाळेत मी पाहिलेले कपाट अजून डोळ्यांपुढे आहे. पुस्तके नवीकोरी, चित्रे सुरेख, कपाटाला कुलूप; कारण पोरे फाडतात आणि मग तपासणीच्या वेळी दाखवायचे काय? त्या कपाटातल्या सिंहाला एक पिंजरा कवीने दिला होता, दुसरा कपाटाने.

आमच्या वर्गात निम्मी मुले तांड्यावरची आहेत. त्यांच्या घरची बोली गोरमाटी. मराठी ही त्यांच्यासाठी शाळेत आल्यावर भेटणारी भाषा. आजोबांच्या पिढीचे मांजर-बिल्लीचे दुःख यांच्या वाट्याला उलट्या दिशेने येते, आणि ते द्यायला आता मी उभा! हे मनात आले म्हणजे मी धडा बाजूला ठेवतो आणि प्राण्यांची पुस्तके काढतो. चित्रातला हत्ती दोन्ही भाषांत सारखाच मोठा असतो. एक मुलगी तीन महिने वर्गात बोलली नव्हती. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, हजेरीला नुसता हात वर. एके दिवशी मी एक विनोदी पद्य वाचता वाचता ओळीचा शेवटचा शब्द मुद्दाम गिळला. मागच्या रांगेतून तो शब्द आला. सगळा वर्ग वळून पाहू लागला तशी तिने तोंडावर ओढणी धरली. पण पुढच्या ओळीला ती ओढणी खाली आली, आणि तिसऱ्या ओळीला तिने जो शब्द सांगितला तो पुस्तकातल्यापेक्षा जास्त हसविणारा होता.

आमची मुले प्राण्यांच्या बाबतीत कवींना सहजी मानीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. माकड त्यांना गोंडस वाटत नाही. हरभऱ्याचा घाटा भरला की टोळी उतरते, आणि शाळा बुडवून राखणीला जावे लागते. उंट ती ओळखतात, कारण मेंढ्यांचे कळप घेऊन लांबचे उंटवाले आमच्या शिवारातून जातात. “उंट थुंकतो, हे पुस्तकात का नाही?” असे एकाने मला विचारले. हत्ती औंढ्याच्या दगडात पाहिलेला असतो. सिंह मात्र कुणीच पाहिलेला नाही. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. मैदानात रावण जळतो, पाळणे फिरतात. पण सर्कशीतल्या वाघसिंहांच्या खेळांवर सरकारने १९९८ साली बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जनावरांच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. आता आमच्या पोराला सिंह भेटतो तो कागदावर, नाहीतर बापाच्या मोबाइलवर. आणि मोबाइल बापाबरोबर शेतात गेलेला असतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आम्ही वर्गाची स्वतःचीच बाग काढायचे ठरविले. मुंबईची राणीची, तर ही आमची. कोऱ्या पानांची वही शिवली. प्रत्येकाने एक प्राणी काढायचा आणि खाली दोन यमके जुळवायची. म्हशी पुष्कळ निघाल्या. कयाधूच्या काठचा एक खेकडा निघाला, त्याला सोळा पाय होते, कारण काढणाऱ्याला थांबावेसे वाटले नाही. दोन मुलांनी मिळून आजीची शेळी काढली आणि यमक न सुटल्यामुळे तिला पोळी खायला घातली. परगावचे एक गृहस्थ शाळा पाहण्यास आले होते, त्यांनी वही चाळली आणि विचारले, “छान आहे, पण यातून मुले काय शिकली?” मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

वहीत सर्वांना आवडलेले पान एका शेतकऱ्याच्या मुलाचे आहे. आमच्याकडे रोही फार. रात्रीतून सोयाबीनचा चट्टामट्टा करतात, म्हणून लोक शेताभोवती तारेचे कुंपण घालतात आणि आत माचाणावर जागत बसतात. या मुलाने कुंपण काढले आहे, माचाण काढले आहे, माचाणावर घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन बसलेला आपला बाप काढला आहे. तारेच्या बाहेर चार रोही उभे आहेत, दोन मोठे आणि दोन पिल्ले. चौघांच्या पायांशी एकेक तिकीट आहे. खाली यमक जुळविलेले आहे, आणि त्याच्याखाली पाटी रंगविली आहे: प्राण्यांना खाऊ घालू नये.